जामखेड: सुईणीच्या हाताची वाटचाल

नाशिक महसूल विभागाच्या आग्नेय टोकाला, बालाघाटच्या डोंगरांना टेकून जामखेड तालुका आहे. अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव चौंडी याच तालुक्यात. १७९५ साली मराठे आणि निजाम जिथे समोरासमोर आले ते खर्डाही इथलंच. पाऊस बेताचा, ज्वारी-बाजरीची जिरायती शेती, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांनी निम्मी ओस पडणारी गावं. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने इथे एक आरोग्य प्रकल्प सुरू केला. कागदोपत्री नाव ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’. पंचक्रोशीत मात्र ‘आरोळ्यांचा दवाखाना’ हीच त्याची ओळख.

या प्रकल्पाची वाटचाल बहुतेक वेळा आरोळे दाम्पत्याची वाटचाल म्हणून सांगितली जाते. १९७९ साली दोघांना मिळालेला रॅमन मॅगसेसे पुरस्कार, १९९० साली डॉ. रजनीकांतांना मिळालेलं पद्मभूषण, हे टप्पे त्यात येतात आणि यायलाच हवेत. पण संस्थेचं खरं काम ज्यांच्या हातांनी झालं त्या बायका या कथनात कडेला उभ्या राहतात. त्यांतल्या अनेकजणी दलित होत्या, बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि कित्येकींना गावच्या देवळाची पायरी चढायची मुभा नव्हती. नाशिकच्या वाचकाला ही शेवटची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला तो याच शहरात.

आधी जुन्या सुईणीबद्दल. नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आणि मराठवाड्याच्या बऱ्याच गावांत सुईणपण हे मातंग आणि महार समाजातल्या बायकांकडे परंपरेने आलेलं काम. पाटलाच्या वाड्यावर कळा सुरू झाल्या की मध्यरात्री माणूस त्यांच्या वस्तीवर जायचा. सुईण यायची, पोटावरून हात फिरवून मूल आडवं आहे की सरळ ते सांगायची, बाळंतिणीला धीर द्यायची, नाळ कापायची, वार पुरायची, रक्ताने भरलेले कपडे धुवायची. मोबदला म्हणजे सुपात धान्य, एखादी साडी-चोळी, नारळ. ती गेल्यावर घरात गोमूत्र शिंपडलं जायचं. जन्मणाऱ्या लेकराला पहिला स्पर्श तिचाच, आणि पाचवीला सटवाई पुजताना मात्र ती उंबऱ्याबाहेर. तिच्या हाताशिवाय गावाचं चालत नव्हतं आणि त्याच हाताचा विटाळ होत होता. जामखेडच्या प्रयोगाने नेमका हाच पीळ सोडवला. म्हणून त्या प्रयोगाचं मोल निव्वळ वैद्यकीय हिशेबात मोजता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

डॉ. रजनीकांत मूळचे नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, मेबल यांचा जन्म जबलपूरचा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघं एकत्र शिकले आणि १९६० साली लग्न केलं. १९६२ ते १९६६ त्यांनी नेवासे तालुक्यातल्या वडाळा मिशन रुग्णालयात काम केलं. ओपीडी ओसंडून वाहायची, पण बरं होऊन घरी गेलेलं लेकरू काही आठवड्यांत त्याच जुलाबाने किंवा त्याच उपासमारीने पुन्हा दारात यायचं. आजार गावात तयार होतोय आणि आपण रुग्णालयात बसून त्याच्याशी झगडतोय, हे दोघांच्या लक्षात आलं. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी उच्च प्रशिक्षण घेतलं आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. १९७० साली परतले ते थेट जामखेडला. बाजारपेठेजवळचा जनावरांचा जुना दवाखाना गावाने दिला, तिथे काम सुरू झालं.

पहिला बेत सरळ होता. शिकलेल्या एएनएम नर्सबाईला गावात ठेवायचं आणि तिने गरोदर बाया नि लेकरं तपासायची. तो फसला. शहरात शिकलेली तरुण मुलगी परक्या गावात एकटी राहायला तयार होईना आणि राहिली तरी गावातल्या सासवा तिचं ऐकेनात. मग गावातलीच बाई का शिकवत नाही, ही सूचना गावकऱ्यांकडूनच आली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला यातून गाव-आरोग्यसेविका उभी राहिली. निवड गावाने करायची, बाई त्याच गावची सून असावी, लोकांच्या अडीनडीला धावणारी असावी, एवढीच अपेक्षा. अक्षरओळखीची अट नव्हती. आज हे वाक्य सहज वाचून होतं. त्या काळी निरक्षर बाईच्या हाती औषधाची पिशवी आणि बाळंतपणाची जबाबदारी देणं वैद्यकीय वर्तुळात अनेकांना वेडेपणाचं वाटत होतं.

दर आठवड्याला या बायका जामखेडला यायच्या, मुक्कामी राहायच्या. शिकवणी चित्रांतून, गाण्यांतून, एकमेकींना सांगण्यातून चालायची. मागच्या आठवड्यात गावात काय घडलं ते प्रत्येकीने सांगायचं, आणि त्यातूनच पुढचा धडा निघायचा. पण अभ्यासाच्या आधी जात आडवी आली. मराठ्यांची बाई, ब्राह्मणाची बाई, महाराची आणि मांगाची बाई एका खोलीत आल्या होत्या. जेवायला बसताना अंतर पडायचं, झोपताना कोपरे वाटले जायचे. आरोळ्यांनी यावर भाषण दिलं नाही. अनेक पांघरुणं एकत्र शिवून एकच भलं मोठं पांघरूण केलं आणि थंडीच्या रात्री सगळ्यांना त्याखाली झोपायला लावलं. ओढायचं तर सगळ्यांनी मिळून ओढायचं. स्वयंपाकही एकत्र. सगळ्यांची हाडं एकसारखीच असतात हे क्ष-किरणाच्या फोटोत दाखवलं. या बायका पुढे एकमेकींच्या गावी बाळंतपणाला धावून जाऊ लागल्या, ते या रात्रींमुळे. कोणतीही शिबिरं, कोणतीही प्रमाणपत्रं ते घडवू शकली नसती.

बाळंतपणात नेमकं काय बदललं ते तपशिलात सांगायला हवं, कारण ‘प्रशिक्षण दिलं’ या दोन शब्दांत सगळी मेहनत हरवून जाते. जुन्या सुईणीच्या हातात कौशल्य होतं, पण नाळ कापायला विळा नाही तर मिळेल ती पाती असायची आणि कापलेल्या नाळेवर राख किंवा शेण लावलं जायचं. लेकरू पाचव्या-सातव्या दिवशी दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं आणि जायचं. लोक म्हणायचे, सटवाईने एवढंच लिहिलं होतं. तो धनुर्वात होता. पोटात मूल मोठं झालं तर सुटका अवघड होईल म्हणून गरोदर बाईला अर्धपोटी ठेवायचे. बाळंतपणानंतरचं पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचे. बाईला झटके आले तर बाहेरची बाधा समजून देवऋषी बोलावला जायचा.

आरोग्यसेविकेच्या पिशवीत साबण, नवी पाती, उकळलेला दोरा आणि स्वच्छ कापड आलं. ती गरोदर बाईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते पाहायला शिकली, पायावर बोट दाबून सूज ओळखायला शिकली, पोटाला नळी लावून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकायला शिकली. धनुर्वाताची लस गरोदर बाईला मिळेल यावर तिचं लक्ष असायचं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे कोणती बाई घरी बाळंत होऊ शकते आणि कोणत्या बाईला वेळ न दवडता जामखेडला न्यायचं, हे तिला कळू लागलं. सासूला पटवण्याची तिची रीत डॉक्टरला जमणारी नव्हती. एखाद्या घरची पहिलटकरीण तिच्या सांगण्यावरून पोटभर जेवायची, बाळ गुटगुटीत व्हायचं, बाई सुखरूप सुटायची. मग ते घर पुढच्या घराला सांगायचं. पोथीतल्या दाखल्यापेक्षा शेजारच्या पाळण्यातलं मूल सासवांना जास्त पटत होतं.

सरुबाई साळवे या अशाच एक आरोग्यसेविका. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने डिसेंबर २००८च्या अंकात जामखेडवर मोठा लेख केला, तेव्हा तोपर्यंत आपल्या हातून ५५१ बाळंतपणं झाल्याचं आणि त्यात एकही आई किंवा बाळ गमावलं नसल्याचं त्यांनी सांगितलं होतं. दलित वस्तीतल्या ज्या बाईला सवर्णांच्या गल्लीतून ताठ मानेने चालायची मोकळीक नव्हती, तिला पुढे त्याच घरांतून मानाने आत बोलावणं येऊ लागलं. गोमूत्र शिंपडणं थांबलं. पन्नास वर्षांत जामखेडने काय साधलं, असं मला कुणी विचारलं तर मी मृत्युदराच्या आधी हे सांगेन.

मुक्ताबाई पोळ या दुसऱ्या. १९८८ साली वॉशिंग्टनमधल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत त्या बोलायला उभ्या राहिल्या. समोर जगभरचे तज्ज्ञ होते आणि डोक्यावर सभागृहाची भपकेबाज झुंबरं. ही झुंबरं सुंदर आहेत पण महागडी आहेत, आमच्या गावात पणती चालते आणि एका पणतीवरून दुसरी लावता येते, अशा अर्थाचं त्या बोलल्या. सार्वजनिक आरोग्याच्या वर्गांत ते भाषण आजही सांगितलं जातं.

पाण्याचा प्रसंग बाळंतपणाचा नाही, पण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. १९७२च्या दुष्काळात जामखेडच्या गावांना खाण्याइतकीच पाण्याची ओढ लागली होती. प्रकल्पाने बोअर घेऊन हातपंप बसवायचं ठरवलं. पाण्याची जागा दाखवणाऱ्याने दाखवलेल्या जागा निघाल्या त्या सगळ्या दलित वस्तीत. पाणी हवं असेल तर वस्तीत या, हाच त्याचा अर्थ. प्रकल्पाने ते मुद्दाम ठरवलेलं होतं. सवर्ण बायका घागरी घेऊन वस्तीत येऊ लागल्या. ज्या बाईच्या सावलीचा विटाळ होता, तिच्या दारातल्या पंपाचं पाणी गाव पिऊ लागलं.

आकड्यांबद्दल लिहिताना उत्साहात वाहून जाऊ नये. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भकं पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. १९९३ पर्यंत हा आकडा १९वर आल्याचं प्रकल्पाची स्वतःची नोंद सांगते. १९७८ साली अल्मा-आटा इथे जागतिक आरोग्य संघटनेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ जाहीर केलं, त्यामागे जगातल्या ज्या थोड्या प्रयोगांचा दाखला होता त्यात जामखेड होतं. पुढे २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात संशोधकांनी केलेली तुलना छापून आली. प्रकल्पाच्या गावांत पहिल्या महिन्यानंतरच्या बालमृत्यूंचा धोका शेजारच्या इतर गावांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळला. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मात्र तसा स्पष्ट फरक दिसला नाही. जामखेडची थोरवी यामुळे उणावत नाही. नवजात बाळाचे पहिले अठ्ठावीस दिवस किती अवघड असतात ते यातून कळतं. त्याच प्रश्नावर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने काम केलं. तिथेही गावातल्याच बायका होत्या, घरोघर जाऊन नवजात बाळाची काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत. त्यांच्या कामाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. एका संस्थेची उणीव दुसरीने भरून काढावी, हे महाराष्ट्रात घडलं याचा अभिमान वाटतो.

जगाच्या दुसऱ्या टोकाला अशीच एक परंपरा होती आणि तिचं काय झालं ते इथे सांगणं भाग आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी बायकांनी बाळंतपणाचं ज्ञान सोबत आणलं आणि पिढ्यान् पिढ्या जपलं. काळ्यांची बाळंतपणं त्या करायच्याच, गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरीही त्यांनाच बोलावणं जायचं. लोक त्यांना ‘ग्रॅनी’ म्हणत, म्हणजे आपली आजीबाई. १९२१च्या एका केंद्रीय कायद्यानंतर राज्यांनी त्यांना शिकवायला सुरुवात केली, सरकारी नर्स येऊन त्यांच्या पिशव्या तपासू लागल्या. जॉर्जियातल्या ऑल्बनी गावच्या मेरी कोली या काळ्या सुईणीचं काम ‘ऑल माय बेबीज’ या १९५३च्या चित्रपटात चित्रित झालं, तो सुईणींना शिकवण्यासाठीच बनवला होता. पण मग रुग्णालयं वाढली आणि या बायकांची गरज संपल्याचं ठरलं. अलाबामा राज्याने १९७६ साली कायदा करून त्यांचे परवाने बंद करण्याचा मार्ग धरला. मोबील शहरातल्या ऑनी ली लोगन यांनी मात्र काम सुरू ठेवलं आणि १९८९ साली त्यांच्या तोंडून उतरवून घेतलेलं आत्मकथन प्रसिद्ध झालं. आज त्या देशात बाळंतपणात दगावणाऱ्या काळ्या स्त्रियांचं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या सुमारे तिप्पट आहे. एवढी यंत्रं, एवढी रुग्णालयं असूनही. बाळंतिणीजवळ तिचं म्हणणं ऐकणारं, तिच्या वस्तीतलं माणूस असावं लागतं, ही गोष्ट तिथे आता नव्याने शिकली जात आहे आणि त्या जुन्या सुईणींची आठवण काढून काळ्या समाजातल्या तरुण मुली पुन्हा हा व्यवसाय शिकत आहेत.

जामखेडने सुईणपण करणाऱ्या बाईला बाजूला सारलं नाही. काळ बदलला तसं तिचं काम बदललं. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, रुग्णालयात बाळंत होणाऱ्या गरीब बाईला पैसे मिळू लागले, त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ कार्यकर्ती उभी राहिली. गावातल्या बाईवर विश्वास टाकण्याच्या या कल्पनेत जामखेडचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्रात २००५-०६ साली ६४.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्के झालं. माता मृत्यूंचं प्रमाण २०१८-२० मध्ये लाख जन्मांमागे ३३ इतकं खाली आलं. हे मोठं यश आहे आणि त्याबद्दल किंतु-परंतु करण्याचं कारण नाही. घरातली अंधारी खोली आणि विळा कुणालाही परत नको आहे. जामखेडच्या आरोग्यसेविकांनीही गरोदर बाईला वेळेवर दवाखान्यात पोचवणं, बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ पाहणं, मधुमेह नि रक्तदाबाचे रुग्ण शोधणं अशी कामं अंगावर घेतली.

हरवलं ते वेगळंच. दवाखान्यात बाई बाळंत होते, पण तिच्या कळांच्या रात्री तिचा हात धरून बसणारं बहुधा कुणी नसतं. सरकारलाही हे उमगलं आहे. २०१८ साली केंद्राने सुईण-सेवेची मार्गदर्शक तत्त्वं आणली आणि प्रशिक्षित परिचारिकांना अठरा महिन्यांचं वेगळं शिक्षण देऊन बाळंतपणतज्ज्ञ करण्याचं ठरवलं. याचा अर्थ असा की जे ज्ञान आपण गावातून उठवून टाकलं, ते आता अभ्यासक्रमात आणावं लागत आहे.

डॉ. मेबल आरोळे १९९९ साली गेल्या, डॉ. रजनीकांत २०११ साली. त्यांची कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी काम पुढे चालवलं. देशोदेशीचे विद्यार्थी जामखेडला शिकायला येतात आणि त्यांना शिकवणाऱ्यांत त्या जुन्या आरोग्यसेविकाही असतात, मराठीत बोलतात, शेजारी दुभाषी बसतो. प्रकल्पाने भंडारदऱ्याच्या आदिवासी पट्ट्यातही काम नेलं. तिथून इगतपुरीची हद्द हाकेच्या अंतरावर आहे.

म्हणून नाशिककरांना एक सांगणं आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या शहरात आहे आणि राज्यभरची परिचर्या महाविद्यालयं त्याच्याशी जोडलेली आहेत. जामखेड आपल्याच महसूल विभागात आहे. सुईण-सेवा शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला अभ्यासक्रमाचा भाग म्हणून पंधरा दिवस जामखेडला राहता येईल, एवढी व्यवस्था विद्यापीठाने करावी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतल्या वृद्ध सुईणींचं म्हणणं त्यांच्याच बोलीत, त्यांच्या नावानिशी नोंदवून ठेवावं. पोटावर हात ठेवून बाळाची चाल सांगणाऱ्या त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. हे काम पुढच्या पाच वर्षांत झालं नाही तर नंतर कुणालाच करता येणार नाही.